अण्णा असं बोलत नाहीत

४ जून

ताई,

पत्राच्या वरच्या बाजूला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं, तेव्हा मी बहुतेक खिडकीबाहेर होतो. तेव्हा सगळे नमस्कार ज्याचे त्याला पोचले असं समज.

नोकरी लागली. हसू नकोस, खरंच लागली. गोड्या पाण्यातले मासे पाळतात ना, त्यांच्यासाठी कारखान्यात खाद्य बनतं. मिरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या असतात. त्या गोळ्या माशांना किती पचतात, हे मोजायचं केंद्र आहे हे. लांबलचक हॉल, वर पत्रा, दोन्ही बाजूंना टाक्या. टाक्यांचे तळ नरसाळ्यासारखे उतरते आणि प्रत्येकीच्या खाली एक उभी काचेची नळी. मासे खातात, मग मागून जे पडतं ते घसरत घसरत त्या नळीत येऊन बसतं. ते गोळा करणं हे माझं काम.

हो, तेच. तू समजलीस तेच.

त्याच्यावरून पचन कसं कळतं ते मी इथल्या बाईंना विचारलं. संशोधन त्याच करतात, आम्ही त्यांच्या हाताखाली. त्या म्हणाल्या, खाद्यात एक हिरवी पूड घातलेली असते. ती माशाला पचत नाही, पाण्यात विरघळत नाही, जेवढी आत तेवढी बाहेर. बाहेर आलेल्या घाणीत हिरवं जितकं दाट, तितकं बाकीचं खाद्य माशात राहिलं. माझा चेहरा बघून त्यांनी बसचं उदाहरण दिलं. प्रत्येक बसमध्ये एक कंडक्टर. तो मधे उतरत नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टर तेवढेच आणि माणसं कमी दिसली, तर माणसं वाटेत उतरली. मला बस समजली. मासा नाही समजला. पण मी मान हलवली.

अण्णांना वाचून दाखव. मी निघालो तेव्हा ते दुकानात कुणाच्या तरी पंपाची मोटर उघडून बसले होते. वर न बघता म्हणाले होते, "तुझं बूड कुठे टिकलंय? महिन्याभरात दारात दिसशील." आता ते काय म्हणतात ते मला कळव. इथे फोन फक्त ऑफिसातला आणि आपल्याकडे तर नाहीच. तेव्हा पत्रच.

तुझा,
भिंगरी

१५ जून

चि. भिंगरीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा दवाखान्यात आणि एकदा अण्णांसमोर दुकानात. दवाखान्यात वाचताना हसू आलं. दातांचे डॉक्टर आतून ओरडले, की बाहेर पेशंटचा जबडा सुजलाय आणि माझ्या टेबलाशी काय नाटक चाललंय. मी पेशंटला सांगितलं, डॉक्टर म्हणतायत की पाचच मिनिटं थांबा. माझा सगळा दिवस यातच जातो बघ.

अण्णांना फार आनंद झाला. म्हणाले, काम कुठलंही असो, माणसाने ते मनापासून करावं. तब्येतीला जप असंही सांगितलंय.

आता माझं ऐक. कधी नव्हे ते धड जागेला लागला आहेस. बाई शिकलेल्या आहेत, त्यांच्यासमोर गबाळेपणा करू नकोस. तू चहाचा कपसुद्धा बशीत ओघळ आणून देतोस. कुणाच्या हातात काही द्यायचं तर धुऊन पुसून द्यावं, मग ती वस्तू कसली का असेना. एवढं पाळलंस तरी लोक तुला चांगल्या घरचा म्हणतील.

ताई

२९ जून

ताई,

तुझं पाळलं. बघ आता कसं ते.

सकाळी खाद्य टाकायचं. तासाभराने उरलेल्या गोळ्या काढून टाकी साफ करायची, नाहीतर न खाल्लेलं खाद्य घाणीत मिसळतं. मग घाण नळीत बसू द्यायची. नळीच्या खाली बाटली, बाटलीभोवती बर्फ. ती बाटली काढायची, वरचं पाणी हळूच ओतून टाकायचं, राहिलेलं बशीत घालून वाळवणीच्या यंत्रात ठेवायचं. इथपर्यंत बाईंनी शिकवलं. मी विचारलं, हे असंच द्यायचं? त्या म्हणाल्या, "तसंच द्या. काही करू नका."

आता मोठी माणसं असंच म्हणतात. पाहुणे म्हणतात चहा नको, आणि आपण ठेवतोच की. त्यात खवले असतात, बुळबुळीत काहीतरी असतं, वास तर विचारू नकोस. असलं घेऊन मी बाईंच्या टेबलावर कसा ठेवू? तेव्हा मी तलम कापडावर घेतो आणि नळाखाली बारीक धारेने धुतो. पाणी नितळ यायला लागलं की थांबतो. शेवटी नुसतं छान हिरवं उरतं. वाळल्यावर तर रांगोळीसारखं दिसतं. बाई सकाळी दुसऱ्या इमारतीत असतात, त्यांच्यापर्यंत जाते ती वाळलेली पूडच. परवा त्यांनी काचेची डबी उजेडात धरली आणि म्हणाल्या, इतका स्वच्छ नमुना याआधी कुणी दिला नव्हता. मी काही बोललो नाही. चांगल्या घरचा माणूस बोलत नाही.

पण ताई, एक कळलं नाही. अण्णा म्हणाले, "मनापासून करावं"? हे शब्द? कुठे बसून म्हणाले? समोर गिऱ्हाईक होतं का? मी ते वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून बघितलं, बसतच नाही. अण्णांच्या तोंडी दुसऱ्याची कवळी बसवल्यासारखं वाटतं.

हेही त्यांना वाचून दाखव. मी कसं धुतो ते नीट वाच.

भिंगरी

१२ जुलै

चि. भिंगरीस,

घाईत लिहिते आहे, डॉक्टरांचा मूड ठीक नाही.

तुझं धुण्याचं सगळं अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, पोरात टापटीप आली, समाधान वाटलं. तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

गेल्या आठवड्यात दुकान दोन दिवस बंद होतं, पण काळजीचं काही नाही. सगळं सुरळीत आहे. तू तिकडे लक्ष दे.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

माझं डोकं चालेनासं झालं आहे. दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही कळत नाहीत. आधी माशांची सांगतो, कारण ती सोपी आहे.

पहिल्या फेरीचा, म्हणजे इतक्या आठवड्यांच्या सगळ्या नमुन्यांचा, पचनाचा आकडा आला. एवढा मोठा, की खाद्य कंपनीचा माणूस हॉलमध्ये मिठाईचा बॉक्स घेऊन आला. तो कायम टाय लावतो, टाक्यांजवळ आला की टायचं टोक खिशात घालतो, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणतो. तो म्हणाला, आमचं खाद्य जवळजवळ सगळंच्या सगळं पचतं, जगात असं खाद्य नाही. मला मिठी मारली. माझ्या हाताला वास होता, तरी मारली.

बाईंनी मिठाई घेतली नाही. त्यांनी माशांचं वजन करायला लावलं. जाळीत पकडायचे, ओल्या फडक्यात काट्यावर ठेवायचे. मासे होते तेवढेच. काही तर हलके. आता बघ, आकडा म्हणतो सगळं पचलं. काटा म्हणतो काही पोचलंच नाही. मग मधल्या मधे गेलं कुठे? बाईंनी काटा बदलला. मग हिरवी पूड तपासली, मग यंत्र. मला विचारलं, टाकीत काही वेगळं केलं का. मी म्हटलं टाकीत काहीच नाही. खरंच टाकीत काही केलेलं नाही. त्या रोज माझ्याकडे बघतात आणि मग माशांकडे बघतात.

आता दुसरी गोष्ट.

अण्णा असं बोलत नाहीत.

मी तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. "समाधान वाटलं." "आशीर्वाद." ताई, मी सायकल शिकलो तेव्हा अण्णा म्हणाले होते, चला, आता लांब जाऊन पडशील. मी पहिला पगार त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा म्हणाले, नोट खरी आहे ना. माणूस एकाएकी गोड बोलायला लागतो ते कधी, हे मला माहीत आहे. आपली आत्या शेवटी शेवटी सगळ्यांशी किती गोड झाली होती, आठव. आणि दुकान दोन दिवस बंद? अण्णा ताप अंगात घेऊन शटर अर्धं वर करून बसतात. दोन दिवस बंद आणि वर काळजीचं काही नाही असं तू लिहितेस, म्हणजे काळजीचंच आहे.

ते आजारी आहेत. की त्याहून काही आहे आणि तू त्यांच्या नावाने लिहिते आहेस? खरं सांग.

मी बॅग भरली आहे. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, घरचं असेल तर जरूर जा, पण फेरी मधे तुटली तर दुसरा माणूस घ्यावा लागेल, तुमची जागा राखून ठेवता येणार नाही. मी म्हटलं बरं. पायाला तर भिंगरी आधीच आहे, निमित्त मिळालं की ती फिरायला लागते, हेही मला कळतं. म्हणून थांबलो आहे. पुढच्या टपालापर्यंत थांबतो. तुझं उत्तर नाही आलं तर निघतो.

भिंगरी

८ ऑगस्ट

भिंगरी,

बॅग सोड. अण्णा ठणठणीत आहेत. हे लिहिते आहे तेव्हा ते खाली एका गिऱ्हाइकाला सांगतायत की तुमची विहीर तुमच्या अकलेपेक्षा खोल आहे. इथपर्यंत ऐकू येतं आहे.

त्यांचं बोलणं मी बदलून लिहिलं. तू म्हणशील का, तर सवयीने. डॉक्टर म्हणतात, या बाईने दात किडेपर्यंत झोपा काढल्या काय, आणि मी सांगते, डॉक्टर म्हणतायत थोडं आधी यायला हवं होतं. तुलाही तसंच सांगितलं. वाटलं, तू तिकडे एकटा, पहिल्यांदाच कुठे टिकतो आहेस, आणि घरून शिव्या गेल्या तर चिडून निघून येशील. आता गोड लिहिलं म्हणून निघून यायला बसला आहेस. तुमच्या दोघांपुढे माणसाने करावं तरी काय?

तर आता जे बोलले ते लिहिते. लाज मला वाटते आहे, तू वाटून घेऊ नकोस.

तुझं पहिलं पत्र ऐकून म्हणाले, "माशांची ढुंगणं धुवायला घर सोडलं होय यानं." मग परत म्हणाले, ते बसचं पुन्हा वाच. मी वाचलं. पुन्हा म्हणाले वाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता मला म्हणतात, "आणि कंडक्टर मधेच उतरला तर? विचार त्या गाढवाला." मी म्हटलं असलं काय विचारायचं. नाही लिहिलं.

दुसऱ्या पत्राला, ते तुझं धुण्याचं वाचलं तेव्हा, हातातला पाना खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, "अरे, याला माझ्या दुकानात बसून काय दिसलं? पंप बिघडला की काही शहाणे तो घासूनपुसून, चकचकीत करून माझ्याकडे आणतात. तेल कुठून गळत होतं ते सगळं पुसलं. आता मी काय पंपाचं तोंड बघून सांगू? तपासायला द्यायची वस्तू कुणी धुतं का? मूर्ख." हे मी टापटीप आली असं लिहिलं. धुवायचा शहाणपणाचा सल्ला माझाच होता, म्हणून मला ते जास्त लागलं, हेही खरं.

आणि दुकान बंद होतं ते असं. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडे मत्स्यतळी आहेत, दिवसभराच्या प्रवासावर. अण्णा मला न सांगता तिकडे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलाने भरलेल्या चपला दारात काढल्या आणि म्हणाले, पोरगा तिकडे काय उद्योग करतो ते बघून आलो. तिथे नुसती तळी आहेत, नळ्या नाहीत, तेव्हा नळीचं मला अजून कळलं नाही. तुला विचारायला सांगितलं: टाकीत पाणी वरून सोडतात की बाजूने? जोर किती? नळी किती जाड? घाण फिरते की सरळ बसते? हेही मी लिहिलं नाही, कारण प्रत्येक प्रश्नाच्या आधी एक शिवी होती, आणि शिव्या काढल्या तर प्रश्न फार थोडे उरत होते.

आता सगळं दिलं. रागावायचं तर माझ्यावर रागाव.

ताई

१८ ऑगस्ट

ताई,

पत्र हॉलच्या पायरीवर बसून वाचलं. ढुंगणं वाचली आणि एकटाच इतका हसलो, की टाक्या धुणारा माणूस बघायला आला. अण्णा आहेत. ते तेच आहेत. तो शब्द वाचून जिवात जीव आला, असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढेल.

मग पंपाचं वाचलं, आणि हसणं थांबलं.

मी बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, तुम्ही टाकीत काही केलं का असं विचारलंत. टाकीत नाही केलं. टाकीच्या बाहेर केलं. मी ते धुतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय धुता?"

"तेच. तुमच्याकडे घाण कशी द्यायची म्हणून."

"किती वेळ?"

"पाणी नितळ येईपर्यंत."

बाईंनी परत बस काढली. म्हणाल्या, शेवटच्या स्टॉपला बस आली, माणसं बसलेली होती, आणि तुम्ही ती खिडकीतून बाहेर काढलीत. आत राहिले कंडक्टर. मी मोजलं आणि म्हटलं, वा, माणसं वाटेत उतरली. ताई, या वेळी मला बस आणि मासा दोन्ही समजले, आणि समजले नसते तर बरं झालं असतं असं वाटलं. जे माशाला पचलं नव्हतं ते मी नळाखाली सोडून दिलं, आणि ते पचलं म्हणून टायवाल्याने मिठाई वाटली.

मी म्हटलं, बॅग भरलेलीच आहे, निघतो. त्या म्हणाल्या, तुम्हाला एकदा सांगितलं आणि शेजारी उभी राहून बघितलं नाही, ते माझ्याकडे. स्वच्छ नमुना म्हणून खूश झाले, तेही माझ्याकडे. पहिली फेरी गेली. सोमवारपासून पुन्हा सुरू करू, काहीही न करता. टायवाला ओरडेल, त्याचं मी बघते.

तो ओरडला. खिशातून टाय काढून ओरडला. बाईंनी ऐकून घेतलं.

आता मी काहीही न करता काम करतो. फार अवघड आहे. हात नळाकडे जातो. मला वाटायचं काम म्हणजे काहीतरी करणं. इथे जसं आलं तसं पुढे देणं हेच काम आहे, आणि त्यासाठी पगार देतात. का ते अजून नीट कळलेलं नाही, पण करतो.

तुझ्यावर रागावलो नाही. तू जे केलंस तेच मीही केलं, फक्त माझ्याकडे नळ होता. पण यापुढे अण्णा बोलतील ते जसंच्या तसं पाठव. शिव्यांसकट. मला त्या लागतात.

भिंगरी

१४ ऑक्टोबर

अण्णा,

हे पत्र तुम्हाला आहे. ताईने उघडलं असेल तर तिने आता थांबावं.

पाणी बाजूने सोडतात. धार टाकीच्या भिंतीला लागून तिरकी, म्हणून पाणी गोल फिरतं. जोर फार ठेवला तर घाण फुटते आणि विरघळते, कमी ठेवला तर तळाच्या उतारावर चिकटून राहते. मधला जोर हाताने शोधावा लागतो. आधीच्या माणसाने व्हॉल्व्हवर खूण केली होती, ती चुकीची होती, मी नवी केली. नळी माझ्या मनगटाएवढी. घाण आधी फिरते, मग नळीच्या तोंडाशी आली की सरळ बसते. बघत बसावंसं वाटतं. मी बसतो.

न धुतलेल्या फेरीचा आकडा आला. खूप खाली आला. टायवाल्याचं तोंड पडलं. आणि बाई हसल्या. मी त्या आकड्याकडे बघून घाबरलो होतो, त्या हसल्या, त्यामुळे मला काहीच कळेना. म्हणाल्या, आता आकडा आणि काटा एकच बोलतायत. खाद्य साधारण आहे आणि ते साधारण आहे हे आपल्याला नक्की माहीत आहे. मोठा आकडा आला तेव्हा सगळे हैराण होते आणि छोटा आला तर समाधान, हे असं कुठे असतं? तुम्हाला कळलं तर मला सांगा.

तुमचा प्रश्न मी बाईंना विचारला, कंडक्टर मधेच उतरला तर. त्या खुर्चीत सरळ झाल्या. म्हणाल्या, हे कुणी विचारलं? मी म्हटलं, वडिलांनी, पंप दुरुस्त करतात. त्या म्हणाल्या, कधी कधी उतरतो. थोडी पूड मागे राहते, सगळी सापडत नाही, आणि त्यावर या विषयातली माणसं अजून भांडतात. मग त्यांनी मला बराच वेळ समजावलं. मी मान हलवली नाही. म्हटलं, नाही कळलं. त्यांनी परत सांगितलं. परत नाही कळलं. उद्या पुन्हा सांगणार आहेत.

बॅग रिकामी केली. कपडे खुंटीला आहेत.

तुमचा

२६ ऑक्टोबर

पत्र मिळालं. जोर हाताने शोधतोस हे ठीक. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून खूण केलीस तर काही दिवसांनी तो आपोआप सरकतो, तेव्हा खुणेवर विसंबू नको. रोज हात लावून बघ.

नळीच्या खालच्या टोकाला कॉक आहे की नुसतं बूच, ते लिहिलंच नाहीस. एवढी सगळी पानं भरली आणि मुद्द्याचं राहिलं. गाढव.

मोठ्या आकड्याने हैराण आणि छोट्याने समाधान, यात न कळण्यासारखं काय आहे? गिऱ्हाइकाचा पंप आवाज करत असेल तर कुठे बिघडलंय ते कळतं, मी निर्धास्त असतो. आवाज न करता बंद पडला की माझी झोप जाते.

हे पत्र तुझ्या ताईला न दाखवता टाकलं आहे. ती साखर घालते.

कंडक्टरचं मला अजून समजलेलं नाही. बाईंनी काय सांगितलं ते सगळं लिही, तुला न कळलेलंसुद्धा. घाई नाही. तू तिथेच आहेस.